मोबाइलवर दहा-दहा मिनिटांत भाषा शिकणं: कुणाला जमलंय का?

खाजनकार (धागाकर्ता)

राहायला चोडण, नोकरी पणजीत. रायबंदरची फेरीबोट आणि धक्क्यावरची रांग मिळून रोज जाता-येता थोडा वेळ हाताशी असतो. आजवर तो व्हॉट्सॲपवरची सुप्रभातं पुसण्यात जायचा. हल्ली त्या वेळात पोर्तुगीज शिकतोय.

कारण घरातली कागदांची पेटी. इश्क्रितुरी (नोटरीसमोर केलेली खतं), एक जुना इन्व्हेंतार (वारसांच्या वाटणीसाठी केलेली मालमत्तेची यादी), अफ्रामेंताचे (कायमच्या भाडेपट्ट्याचे) कागद, मात्रिजचे (जमीन-महसुलाच्या नोंदवहीचे) उतारे, सगळं पोर्तुगीजमध्ये. वाटणीचा विषय निघाला की वकील म्हणतो, भाषांतर करून आणा. भाषांतर करणारे पानाप्रमाणे पैसे घेतात आणि ते रास्तच आहे. पण कुठल्या पानात जीव आहे आणि कुठल्या पानावर नुसते शिक्के, हेच आपल्याला कळत नसेल तर अख्खी पेटी उचलून द्यावी लागते. मला तेवढं कळायला हवंय. लिस्बनला जाऊन गप्पा मारायच्या नाहीत.

ड्युओलिंगो या भाषा शिकवणाऱ्या ॲपपासून सुरुवात केली. मराठीतून पोर्तुगीज तिथं नाही, इंग्रजीतून शिकावं लागतं, त्याची अडचण नाही. मुलगा सफरचंद खातो, बाई पाणी पिते, मांजर दूध पिते, हे भराभर येऊ लागलं. मग हौसेनं पेटी उघडली तर कागदात ना सफरचंद ना मांजर. तिथं जमिनीच्या चार बाजू, नारळांची संख्या, कोण कुणाचा वारस आणि कोणत्या नोटरीसमोर कोण हजर होता, एवढंच.

म्हणून आता उलटं करतोय. कागदाचा फोटो काढतो, एकच ओळ कापतो आणि ती अंकी या उजळणीच्या ॲपमधल्या कार्डावर पुढच्या बाजूला लावतो. मागच्या बाजूला अर्थ. 'कोन्फ्रोंता दु नासेंत कों' ही ओळ आता दिसली की लगेच कळतं: पूर्वेला अमक्याची जमीन लागून आहे. नासेंत पूर्व, पुएंत पश्चिम, नॉर्त आणि सुल तर सांगायलाच नकोत. चार कार्डं पक्की झाली आणि पेटीतल्या प्रत्येक इश्क्रितुरीतला निदान तो एक परिच्छेद उघडला.

आता प्रश्न. असं तुकड्यातुकड्यांनी शिकून पुढे काही उभं राहतं का? मला फक्त वाचायचंय, तर उच्चारांवर वेळ घालवू का? आणि दुसरी कुठली भाषा फोनवर शिकलेले कुणी असतील तर त्यांनी कसं केलं?

फोंड्याचा_फटकळ

मोबाइलवर भाषा शिकणारे खूप पाहिले. सगळ्यांची स्ट्रीक (सलग किती दिवस ॲप उघडलं त्याची मोजणी) मोठी आणि बोलायला सांगितलं की तोंडाला कुलूप. रात्री पावणेबाराला स्ट्रीक तुटू नये म्हणून सर्वांत सोपा धडा पुन्हा करायचा, याला अभ्यास म्हणत नाहीत, हजेरी म्हणतात.

पणजीत पोर्तुगीज शिकायची सोय आहे. पोर्तुगाल सरकारच्या कामोंइश संस्थेचं भाषा केंद्र आहे, गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे, काही हायस्कुलांत पोरं तिसरी भाषा म्हणून पोर्तुगीज घेतात. जा आणि बाकावर बसा. समोर मास्तर असला की घरी अभ्यास होतो.

रातपाळी

मी स्टाफ नर्स. जर्मन शिकतेय, तिकडे नोकरीसाठी. ड्यूटी फिरती, त्यामुळे ठरलेल्या वेळेचा क्लास मला शक्यच नाही. बाकावर बसा म्हणणं सोपं आहे हो, फटकळदादा.

एका ऑनलाइन क्लासला पैसे भरले होते. 'लाइव्ह' म्हणून सांगितलं आणि लावले आधीच रेकॉर्ड करून ठेवलेले व्हिडिओ. प्रश्न विचारायची सोयच नाही. तेव्हापासून माझी मीच.

माझा अनुभव असा की फोन शब्दांना उत्तम, बोलण्याला निकामी. जर्मनमध्ये प्रत्येक नामाला डेर, डी किंवा डास लागतं आणि ते पाठ करण्यावाचून गत्यंतर नाही. ते काम ड्यूटीच्या अधल्यामधल्या पाच मिनिटांत मस्त होतं. डेर निळं, डी लाल, डास हिरवं, असे रंग दिलेत कार्डांना. आता शब्द आठवायच्या आधी रंग आठवतो.

पण सुटा शब्द कार्डावर घालायचा नाही, हे मात्र मी लवकर ठरवलं. 'वेदना' हा शब्द येऊन काय उपयोग? कार्डावर पूर्ण वाक्य: 'वो हाबेन झी श्मेर्त्सन?' कुठं दुखतंय तुम्हाला? लगेच पुढचं कार्ड: 'झाइट वान?' कधीपासून? मी वॉर्डात दिवसभर हेच विचारते, त्यामुळे मराठी-कोकणीत विचारतानाच मनात जर्मन उमटतं. तो सराव फुकट मिळतो.

बोलण्यासाठी माझ्यासारखीच एक मैत्रीण शोधली. आम्ही एकमेकींना जर्मनमध्ये व्हॉइस नोट पाठवतो. गोएथे इन्स्टिट्यूटच्या जर्मनच्या बी-वन (मधल्या पातळीच्या) परीक्षेत वाचन, श्रवण, लेखन आणि बोलणं असे चार वेगळे भाग असतात, प्रत्येकात १०० पैकी ६० लागतात. तीन भागांत नव्वद काढून बोलण्यात पडलं तर तो भाग राहिलाच. बरं एवढंच की राहिलेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो.

भात_आणि_बाइट

धागाकर्त्यानं योग्य ठिकाणी हात घातलाय. थोडं आतलं यंत्र सांगतो.

हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन माणसानं अर्थ नसलेली अक्षरं पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले आणि १८८५ साली ते छापले. पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्यानं उडतं, मग उडण्याचा वेग मंदावतो, आणि तीच उजळणी एका बैठकीत कोंबण्यापेक्षा दिवसांवर पसरली तर कमी कष्टांत टिकते. पुढे १९७० च्या दशकात लाइटनर नावाच्या लेखकानं कार्डांचे खोके सुचवले: आलं तर पुढच्या खोक्यात, चुकलं तर परत पहिल्या. अंकी २००६ पासून हेच गणितानं करतं. कार्ड विसरण्याच्या बेतात आलं की समोर टाकतं.

म्हणून 'दहा मिनिटांत काय होणार' हा प्रश्न या पद्धतीला लागूच नाही. उजळणी पसरलेलीच हवी असते. सलग दोन तास बसलात तर उलट पुढचा दीड तास बराचसा वाया.

आता दोन धोके. पहिला: अंकीत रोज २० नवी कार्डं हे आधीच ठरवून दिलेलं असतं. ते आधी पाचवर आणा. प्रत्येक नवं कार्ड पुढच्या दिवसांत अनेकदा परत येतं. चतुर्थीला चार दिवस फोन बाजूला राहिला की पाचव्या दिवशी शेकड्यानं कार्डं वाट बघत असतात. माणसं तिथंच सोडून देतात. दुसरा: 'येतंय येतंय' म्हणून खोटं 'गुड' दाबायचं नाही. अडखळलात तर 'अगेन'. बोटीत शेजारी कुणी बघत नाही.

अँड्रॉइडवर अंकीड्रॉइड फुकट आहे, आयफोनचं विकत घ्यावं लागतं. आणि एक विनंती: जमिनीचे कागद कुठल्याही अनोळखी भाषांतराच्या साइटवर चढवू नका. कार्डं तुमच्या फोनमध्येच राहतात, ती ठीक.

कोल्हापूर_ते_मडगाव

वाचनखूण साठवली.

माझं प्रकरण वेगळं. बँकेत बदली होऊन मडगावला आले, मला कोकणी हवी होती. ड्युओलिंगोवर कोकणी नाहीच. केंद्र सरकारचं भाषा संगम म्हणून ॲप आहे, त्यात बावीस भाषांतली रोजच्या वापरातली शंभरेक वाक्यं मिळतात, कोकणीही आहे. गूगल भाषांतरात २०२२ पासून कोकणी आली. सुरुवातीला बरं वाटतं, पण काउंटरवर समोर उभा असलेला सासष्टीचा माणूस जे बोलतो ते त्यात नसतं.

मराठी माणसाची खरी पंचाईत अशी की कोकणी ऐकून अर्धी कळते. कळते म्हणून आपण शिकत नाही. आपण मराठीत उत्तर देतो, समोरचाही सौजन्यानं मराठीवर किंवा हिंदीवर येतो, आणि वर्ष सरतं. गुजराती किंवा तमिळ शिकायची असती तर निदान पहिल्या दिवशी घाबरून तरी बसले असते.

मी फोनचा उपयोग रेकॉर्डर म्हणून केला. बाजारातल्या एका मावशीला विचारलं, तुमचं बोलणं टिपून घेऊ का? ती हसली आणि म्हणाली, 'घे गो, पूण नुस्तें घेवन वच.' (घे गं, पण मासळी घेऊन जा.) मग रोज एक-दोन वाक्यं. 'आज कितें आयलां?' 'बांगडे आसात, ताजे. कितले जाय?' घरी येऊन तेच वाक्य कानात घालून मागोमाग म्हणायचं, तिच्या सुरात. पाच मिनिटं, बस्स. शब्द मला आधीच माहीत होते. सूर आणि वेग नव्हता, तो असा आला. आकाशवाणी पणजीच्या कोकणी बातम्याही ऐकते, पण त्या भाषेत कुणी मासे विकत नाही.

घरमालकीण ख्रिश्चन, त्यांचे व्हॉट्सॲप निरोप रोमी लिपीत. पहिले काही दिवस वाटायचं कुणीतरी कीबोर्डवर बसलंय. 'श'साठी इंग्रजीतला एक्स आणि अनुस्वारासाठी शेवटी एम, हे कळलं आणि सगळं वाचता यायला लागलं.

जय_महाराष्ट्र_०७

गोव्यात राहून परक्यांची भाषा शिकायची कशाला? आधी मराठीला इथं नीट राजभाषा करा, मग

संपादक

वरचा प्रतिसाद अर्धवट ठेवला आहे. १९८७ चा राजभाषा कायदा, मराठी-कोकणी वाद, जनमत कौल यांवर या संस्थळावर भरपूर धागे आहेत, तिकडे जावे. पोर्तुगीज नागरिकत्वाची चौकशीही इथे नको. हा धागा फोनवर भाषा शिकण्याबद्दल आहे.

सेगुंद_ग्राव

नातवानं हा धागा दाखवला. टंकायला वेळ लागतो, सांभाळून घ्या.

मी गोवामुक्तीपूर्वी प्रिमेर ग्राव आणि सेगुंद ग्राव (पोर्तुगीज प्राथमिक शाळेच्या दोन पायऱ्या) केलेला. सकाळी पोर्तुगीज शाळा, दुपारनंतर गावातली मराठी शाळा, असं आमचं बालपण. लिसेंवात, म्हणजे पुढच्या माध्यमिक शाळेत, जायचं ठरलं होतं, तेवढ्यात १९६१ चा डिसेंबर आला आणि आम्ही इंग्रजीकडे वळलो.

खाजनकार, उच्चारांवर वेळ घालवू का असं तुम्ही विचारलंत. घालवा. कारण सांगतो. तुमच्या कागदांत अर्धे शब्द पोर्तुगीज नाहीतच, ती आपल्याच शेतांची आणि आपल्याच माणसांची नावं आहेत. कारकुनानं ती कानानं ऐकून पोर्तुगीज अक्षरांत लिहिली. 'कामोतीं' दिसेल तो कामत. 'पोरोबो' म्हणजे प्रभू. 'सिनाय' म्हणजे शेणवी. 'नाइके' वाचाल आणि कोण हा परका म्हणून शोधत बसाल, तो आपला नाईक. शेतांची नावं तर मोठ्यानं म्हटल्याशिवाय उलगडतच नाहीत. डोळ्यांनी वाचणारा तिथं हमखास अडतो.

मात्र नातवाच्या फोनमधली बाई मी ऐकली. ती ब्राझीलची. 'बों दीया'ला 'बों जीया' म्हणते आणि 'बोआ नोइत'ला 'बोआ नोइची'. माझ्या मास्तरणीनं ऐकलं असतं तर पट्टी काढली असती. पोर्तुगालचा माणूस शब्दातले मधले स्वर खातो आणि शेवटी 'स' आला की त्याचा 'श' करतो. आपल्या कारकुनांचे कान त्या उच्चारांवर तयार झालेले. तेव्हा ऐकायचं तर तिकडचं ऐका.

आणखी एक. तुमचे कागद कुठल्या सालचे? १९१० साली तिकडे राजा गेला आणि लगेच १९११ साली शुद्धलेखन बदललं. त्याआधीच्या कागदात 'इश्क्रितुरा'च्या पोटात एक न बोलायचा 'पी' असतो, 'आनु' म्हणजे वर्ष, ते दोन 'एन'नी, आणि 'फार्मासिया'ला 'पी-एच'. फोनवर शिकवतात ती वळणं त्याहून नवी, १९९० च्या करारानंतरची. 'आतु' शब्दातला 'सी' त्यांनी काढून टाकला, आमच्या वेळी तो होता. म्हणजे एकच शब्द तुम्हाला तीन वेषांत भेटू शकतो. कोशात सापडला नाही तर घाबरू नका.

खाजनकार (धागाकर्ता)

काका, पोट भरलं. कागद १८९० च्या आसपासपासून १९५० पर्यंतचे आहेत, म्हणजे पहिले दोन वेष पेटीत आणि तिसरा फोनवर. 'आनु'चे दोन 'एन' बघून मी ते कुणाचं तरी नाव समजून बाजूला ठेवलेलं पान आताच परत काढलं.

ड्युओलिंगोतलं पोर्तुगीज ब्राझीलचं आहे हे आधी माहीत होतं, पण वाचायचं तर काय फरक पडतो असा विचार केला होता. नावांचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. युरोपीय उच्चारांसाठी काय वापरू?

भात_आणि_बाइट

मेमराइझवर युरोपीय पोर्तुगीज वेगळं निवडता येतं. 'प्रॅक्टिस पोर्तुगीज' हे तर फक्त पोर्तुगालच्याच भाषेसाठी आहे. ऐकायला आरटीपी, त्यांचं सरकारी प्रसारण, ऑनलाइन मिळतं.

हस्तलिखितासाठी ट्रान्सक्रिबस बघा. इन्सब्रुक विद्यापीठातल्या प्रकल्पातून आलेलं आहे, जुनी अक्षरं वाचायला शिकवलेलं. गूगल लेन्स छापील मजकुराला चांगलं चालतं, पण नोटरीच्या गिरगिट्यापुढे हात टेकतं. अर्थात कागद वर चढवण्याबद्दल मघाशी म्हटलं ते इथंही लागू, नावं झाका आणि मगच.

फोंड्याचा_फटकळ

मुद्दा मान्य, कागद वाचणं हे वेगळं काम आहे. त्याला बाक लागत नाही. पण काका जे सांगतायत ते फोनमध्ये नाही, हेही बघा. माणूस लागलाच.

रातपाळी

लागतोच. पण माणूस रोज तासभर लागत नाही ना. मी मैत्रिणीला विचारायचे प्रश्न आठवडाभर साठवते आणि एका फोनवर उरकते. बाकीचं कार्डांवर.

कोल्हापूर_ते_मडगाव

छापील वाचायचा सराव हवा असेल तर पाट्टोवरची सेंट्रल लायब्ररी. १८३२ साली सुरू झालेली, जुनी पोर्तुगीज वर्तमानपत्रं आहेत. 'ओ हेराल्दो' १९०० पासून १९८३ पर्यंत पोर्तुगीजमध्येच निघायचा. त्यातल्या जाहिराती आणि लिलावाच्या नोटिसा वाचा, भाषा तुमच्या कागदांसारखीच आणि अक्षर सुबक. एक नोटीस म्हणजे एका फेरीपुरता मजकूर.

खाजनकार (धागाकर्ता)

हे भारी आहे. लिलावाच्या नोटिशीत जमिनीच्या चार बाजू असणारच, म्हणजे माझी जुनी कार्डं तिथं पुन्हा भेटतील.

काका, एक ओळ अडलीय. नावं झाकून सांगतो. पूर्व, पश्चिम, उत्तर लागली. दक्षिणेला 'कों आ' आणि पुढे चार अक्षरांचा शब्द. पहिलं अक्षर 'व्ही' किंवा 'एन', मग 'ए', मग उंच दांडी, मग 'ए'.

सेगुंद_ग्राव

उंच दांडी म्हणजे 'एल'. वाला. चर, पाण्याचा. चोडणचे कागद आहेत ना? खाजनातला (बांध घातलेल्या खाडीकाठच्या शेतातला) चर असेल, मानशीकडे (पाण्याच्या दाराकडे) जाणारा. एखाद्या जुन्या माणसाला दाखवायला सांगा. चर बुजला असला तरी त्याची जागा लोकांना ठाऊक असते.

आता तारीख वाचा. कागदात आकडे देत नाहीत, अक्षरी लिहितात. एक ते शंभर अक्षरी आकडे आणि बारा महिने यांची कार्डं आधी करा. ते आले नाहीत तर नारळ किती आणि रुपये किती हेच कळणार नाही.

खाजनकार (धागाकर्ता)

वाला बरोबर. काकीनं लगेच सांगितलं, चर कुठं होता ते. आकड्यांची कार्डं आज रात्रीच करतो.

कोल्हापूर_ते_मडगाव

कार्डांचा हा डेक (संच) आमच्यासारख्यांना देणार का? सासरच्यांकडेही अशी एक पेटी आहे.

खाजनकार (धागाकर्ता)

देतो. फोटो आणि नावं काढून फक्त शब्द आणि ठरावीक वाक्यांची फाइल करतो: चार बाजू, नातेसंबंध, आकडे, महिने, नोटरीची नेहमीची सुरुवात. आडनावांची वेगळी यादी काकांनी तपासून दिली तर तीही घालतो.

सेगुंद_ग्राव

पाठवा. नातू शनिवारी येतो, त्याच्याकडून छापून घेईन. फोनवर तपासायला डोळे पुरत नाहीत.

रातपाळी

जर्मन नर्सिंगच्या वाक्यांची फाइल माझ्याकडे आहे. हवी असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रात्री उत्तर देईन.